मेंबरबाईची सही
(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



आज मंडळाच्या वाढदिवशी मला चार शब्द बोलण्यास उभे केलेत, हा तुमचा लोभ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची मला सवय नाही. दरवर्षी या दिवशी हळदीकुंकू, फराळ व गाण्यांच्या भेंड्या होतात व आपण आनंदाने घरी जातो. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही पाच वर्षे ग्रामपंचायतीत मेंबर होता. तिथे काय पाहिलेत ते सांगा." मी दोन दिवस विचार केला. चांगले तेवढे सांगावे व बाकीचे गिळावे, असे एकदा मनात आले. परंतु आपल्याच माणसांपुढे खरे बोलायचे नाही, तर मंडळ काढायचे तरी कशाला? म्हणून आज मी माझ्या कामापेक्षा माझ्या चुकीविषयीच अधिक बोलणार आहे.

आपला हा भाग डोंगराचा. भीमाशंकरच्या रांगेखालची ही गावे महादेव कोळी व ठाकर समाजाची. पाऊस उदंड, पण होळी सरली की विहिरी तळ दाखवू लागतात. भाताची खाचरे, वरई, नाचणी आणि झाडाचा हिरडा यांवर आपला संसार चालतो. अशा गावाचा विकास करायचा, असे सरकारने ठरविल्यास फार वर्षे झाली. ते कसे कसे होत गेले, ते मला मेंबर झाल्यावर पंचायत समितीच्या शिबिरात कळले. थोडक्यात तुम्हांला सांगते.

१९५२ साली २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, समाज विकास योजना सुरू झाली. गावोगाव रस्ते, शाळा, बियाणे व खते पोहोचवावीत असा हेतू होता. पुढे १९५७ साली बळवंतराय मेहता यांच्या समितीने या कामाची पाहणी केली. तेव्हा असे दिसून आले की कामे सरकारची राहिली, लोकांना ती आपली वाटली नाहीत. घर बांधताना चूल कोठे मांडावी हे घरातल्या बाईला कोणी विचारले नाही, तर धूर तिच्याच डोळ्यांत जातो. तसेच हे झाले. म्हणून लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती कारभार द्यावा, असे त्या समितीने सुचविले. आपल्या राज्यात १९५८ साली ग्रामपंचायतीचा कायदा झाला. पुढे वसंतराव नाईक समितीचा अहवाल आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामास लागल्या.

नंतर १९९३ साली घटनेची ७३ वी दुरुस्ती अमलात आली व पंचायतीत स्त्रियांना तिसरा हिस्सा जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली तो हिस्सा निम्मा केला. आदिवासी भागासाठी मात्र निराळा विचार हवा होता. येथील रीतीभाती वेगळ्या, वाड्या लांब लांब, जंगल हेच कोठार. दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीने तसा अहवाल दिला व १९९६ साली संसदेने कायदा केला. त्यालाच आपण पेसा कायदा म्हणतो. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ साली झाले. आज राज्यातील तेरा जिल्ह्यांतील आदिवासी भागास हा कायदा लागू आहे व त्यात आपल्या पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांचा डोंगराकडील भाग येतो.

या कायद्यात तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पंचायतीतील निदान निम्म्या जागा आदिवासींच्या व सरपंचपद आदिवासीचेच, ही पहिली. विकासाचे कोणतेही काम पंचायतीने हाती घेण्यापूर्वी त्याला ग्रामसभेची मंजुरी हवी आणि योजनेचा लाभ कोणास द्यावा हेही ग्रामसभेनेच ठरवावे, ही दुसरी. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. पैसा खर्च झाल्यावर तो योग्य खर्च झाला, असा दाखला पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यावयाचा असतो. म्हणजे आपण भाजीला पैसे दिले, तर पोराकडून हिशेब घेतो, तसा हिशेब घेण्याचा हक्क गावाला दिलेला आहे. कायदा असा सोन्यासारखा आहे. आता तो माझ्या हाती पडल्यावर काय झाले ते ऐका.

२०१५ साली आमच्या वॉर्डातील जागा आदिवासी स्त्रीसाठी राखीव झाली. एके दिवशी संध्याकाळी चारपाच जाणती मंडळी आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी आत चहा ठेवला होता. बोलणे झाले ते यजमानांशी. चहाचे कप घेऊन मी बाहेर आले तेव्हा एक मामा म्हणाले, "सूनबाई, तुझा फॉर्म भरायचा ठरलाय. सही येते ना?" मी मान हलविली. फॉर्म भरला गेला, समोर कोणी उभे राहिले नाही आणि मी बिनविरोध मेंबर झाले. घरात पेढे वाटले. माझी सासू तर सर्वांना सांगत सुटली की आमची सून आता पंचायतीत बसणार.

बसायचे मात्र राहूनच गेले. पहिले वर्ष दीड वर्ष मी मासिक सभेला तीन की चार वेळा गेले असेन. सभा भर दुपारी. कधी आवणीचे दिवस, कधी हिरड्याचे, कधी धाकट्याला ताप. गेले तरी दाराशी पदर सावरून बसत असे. पुरुषमंडळी भराभर बोलत, कागद पुढे येत, मी सही करीत असे. न गेले तर शिपाई प्रोसिडिंगचे बुक घरी घेऊन येई. मी भाकरी थापीत असले तर हात धुऊन, पदराला पुसून सही करी व पुन्हा परातीकडे वळे. वर काय लिहिले आहे हे मी वाचले नाही. मला वाचता येत होते, भगिनींनो! सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला ठराव वाचता येतो. पण यजमानांनी पाहिले असेल, सरपंचांनी पाहिले असेल, मी कशाला विचारू, असे मला वाटे. विचारले तर लोक म्हणतील, बाई फार शहाणी झाली.

त्याच सुमारास सरकारने एक चांगली योजना काढली होती. आदिवासी उपयोजनेच्या पैशातील पाच टक्के रक्कम पेसा भागातील ग्रामपंचायतींना लोकसंख्येच्या मानाने थेट देण्याचे २०१५ साली ठरले. हा पैसा कोणत्या कामाला लावायचा ते गावाने ठरवायचे होते. आपल्याकडेही तो आला.

वरच्या वाडीची विहीर तुम्ही सर्वांनी पाहिलेली आहे. त्या वेळी तिला कठडा नव्हता. काठाचे दगड निसटलेले होते. चैत्रात पाणी खोल गेले की बायका एका दगडावर पाय टेकून, वाकून पोहरा सोडीत. त्या वाडीतील एक वहिनी मला बाजारात दोनदा भेटल्या होत्या व म्हणाल्या होत्या, "बाई, तू आमच्या वॉर्डाची मेंबर. विहिरीचं बघ." मी "बघते" म्हणाले होते. आपण बायका पाहुण्याला "या हं परत" म्हणतो, तसेच ते म्हणणे होते.

२०१७ च्या उन्हाळ्यात त्याच घरातील नवी सून त्या काठावरून घसरली. देवाची कृपा म्हणून आत पडली नाही. आतल्या दगडावर आदळून अडकली. बायकांनी दोर टाकून वर काढले. खांदा व हात मोडला होता. वाडीला रस्ता नाही, म्हणून चादरीची झोळी करून खालच्या सडकेपर्यंत आणले. जीव वाचला. परंतु आज इतकी वर्षे झाली तरी त्या हाताने तिला भरलेला हंडा उचलून डोईवर घेता येत नाही.

मी भेटायला गेले. बसायला घोंगडी टाकली, चहा झाला. कोणी मला टाकून बोलले नाही. निघताना वहिनी एवढेच म्हणाल्या, "पंचायतीसमोर ठोकळे बसवलेत ना, त्या कागदावर तुझी पण सही आहे म्हणे?"

मला काहीच आठवेना. घरी येताना सरळ पंचायतीत गेले व मागच्या वर्षीचे बुक मागितले. ठराव तेथे होता. पाच टक्क्यांच्या निधीतून पंचायतीसमोरील अंगणात व आतल्या रस्त्याला सिमेंटचे ठोकळे बसवावेत. खाली सह्या होत्या, व त्यांत माझी सही स्वच्छ, वळणदार, शाळेत गुरुजींनी शिकविल्यासारखी होती. ग्रामसभेच्या मंजुरीचा कागदही होता. ती ग्रामसभा भरलेली मला आठवत नव्हती, कारण ती बुकातच भरली होती.

यात कोणी पैसे खाल्ले, असे मी म्हणत नाही. ठोकळे खरोखर बसले व पावसाळ्यात तेथे चिखल होत नाही. परंतु ज्या पैशाने विहिरीचा कठडा झाला असता, तो पैसा अंगणाला गेला आणि मी त्याला होकार दिला. मला कोणी फसविले असते तर एवढे वाईट वाटले नसते. मला कोणी फसविलेच नव्हते. वाचायची मला मोकळीक होती आणि मी वाचले नाही.

त्या रात्री मी यजमानांना सांगितले की आता बुक घरी आले तर परत पाठवा, मी सभेतच सही करीन. ते जरा घुटमळले. शेवटी म्हणाले, "जा, पण भांडण नको करूस." मी म्हटले, "भांडत नाही, वाचते."

पुढच्या सभेत सह्यांची वेळ आली तेव्हा मी बुक जवळ ओढले व मोठ्याने वाचू लागले. मला वेळ लागत होता. जोडाक्षरे अडत होती. कोणी तरी हसले. त्या वेळचे ग्रामसेवक म्हणाले, "ताई, वाचत बसलात तर संध्याकाळ होईल." मी म्हटले, "होऊ द्या. घरी स्वयंपाक सांगून आले आहे." दुसऱ्या दोन मेंबर बायका माझ्या बाजूला सरकून बसल्या. त्यांतील एकीला वाचता येत नाही, पण ती म्हणाली, "मला पण ऐकू दे." त्या दिवसापासून आमच्या पंचायतीत प्रत्येक ठराव मोठ्याने वाचण्याची रीत पडली. पुढे पुढे ग्रामसेवक स्वतःच वाचू लागले, व मला सांगायला आनंद वाटतो की त्यांनी आम्हांला पुष्कळ मदत केली. तेही एकटे तीन गावे सांभाळीत होते. विचारणारे कोणी नसले की चांगला माणूससुद्धा सोपी वाट धरतो.

यानंतर मी आपल्या मंडळाकडे आले, हे तुम्हांला आठवत असेल. आपल्या राज्याच्या कायद्यात असे आहे की ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी. आपल्याकडे ती कागदावर होई. आपण ती खरी घेतली. चावडीत न घेता वरच्या वाडीत, पिंपळाखाली घेतली. दुपारी न घेता दिवे लागल्यानंतर, भाकरतुकडा आटोपल्यावर घेतली. पहिल्या वेळी अकरा बायका आल्या, दुसऱ्या वेळी चाळीसच्या वर. प्रथम कोणी बोलेना. मग एका म्हाताऱ्या आत्याने डोक्यावरचा पदर मागे सारून विचारले, "मी सकाळपासून किती खेपा करते ते सांगू का?" आणि तिने सांगितले. मग सगळ्याच बोलू लागल्या.

त्या रात्री तीन कामे ठरली. विहिरीला कठडा, पायऱ्या व रहाट. अंगणवाडीत पाण्याची टाकी. आणि बाळहिरडा वाळविण्यासाठी सारविल्यासारखे गुळगुळीत सिमेंटचे खळे. हिरडा आपण झाडावरून कोवळा काढतो, पण वळवाची एक सर आली की तो काळा पडतो व व्यापारी भाव पाडतो, हे पुरुषांना ठाऊक होते. पण ते कामांच्या यादीत कधी आले नव्हते, कारण वाळवणाचे काम बायकांचे.

ग्रामसभेत आम्ही सर्वजणी एकत्र बसलो. थोडी वादावादी झाली. खालच्या आळीला गटार हवे होते व त्यांचेही म्हणणे खोटे नव्हते. शेवटी विहीर पहिली, असे ठरले. २०१८ च्या उन्हाळ्यात कठडा व पायऱ्या झाल्या. अंगणवाडीची टाकी पुढच्या वर्षी झाली. हिरड्याचे खळे मात्र माझी मुदत संपेपर्यंत झाले नाही. जागा जंगलखात्याची की गावठाणाची, यातच कागद अडकला. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आले, हिरड्याची कितीतरी झाडे मोडली, तेव्हा तर खळ्याची गोष्ट मागेच पडली. माझ्याकडून राहिलेले ते काम आहे. माझ्यामागून आलेल्या मेंबर भगिनीस मी तो कागद दिला आहे, व ती येथे समोरच बसली आहे!

आता कोणी म्हणेल, एका कठड्यासाठी एवढे काय? म्हणून मी दूरच्या एका गावाची गोष्ट सांगते. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड लोकांचे लहानसे गाव आहे. लेखा गावाजवळ असल्याने त्यास मेंढा-लेखा म्हणतात. मी तेथे गेलेली नाही, पण शिबिरात त्याविषयी पुष्कळ ऐकले. तेथील देवाजी तोफा व त्यांचे सोबती, आणि त्यांना साथ देणारे मोहन हिराबाई हिरालाल, यांनी वर्षानुवर्षे एकच शिस्त पाळली. निर्णय बहुमताने घ्यावयाचा नाही, सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा. एकाचेही मन नसेल तर पुन्हा बसायचे. निर्णयापूर्वी अभ्यास करावयाचा, व त्यासाठी गावात अभ्यासगट. दिल्ली-मुंबईत आपले सरकार आहे, तसे गावात आपणच सरकार, अशी त्यांची घोषणा आहे.

अशा गावाला कायदा मिळाला की तो उपयोगी पडतो. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. २००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू तोडून विकण्याचा परवाना देण्याचे बुक मात्र जंगलखात्याकडेच होते. गावाने धीर सोडला नाही, आणि २०११ साली त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन ते बुक ग्रामसभेच्या हाती दिले. बांबूच्या विक्रीचा पैसा गावाच्या खात्यात येऊ लागला.

तेथील मेंबर काही आकाशातून पडलेले नाहीत. तेही आपल्यासारखे जंगलात जाणारे, मोहफुले वेचणारे लोक आहेत. फरक एवढाच की तेथे गाव आधी बसते व सभासद गावाचे म्हणणे घेऊन पंचायतीत जातो. आपल्याकडे सभासद आधी सही करतो व गावाला ठोकळे बसल्यावर कळते. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. पण गाव एकत्र बसलेच नाही तर ते करणार काय?

आता माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सुचविते व बोलणे पुरे करते.

पहिली गोष्ट मेंबर भगिनींसाठी. न वाचता सही करू नका. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या. अंगठा करणाऱ्या बाईलासुद्धा ऐकण्याचा हक्क आहे. बुक घरी आले तर परत पाठवा.

दुसरी गोष्ट घरच्या मंडळींसाठी. सून किंवा बायको मेंबर झाली तर सभेच्या दिवशी तिची चूल कोणी तरी सांभाळली पाहिजे. माझ्या सासूबाईंनी पुढे सभेच्या दिवशी भाकऱ्यांचे काम आपणहून अंगावर घेतले. त्या नसत्या तर मी सभेत बसूच शकले नसते. गावाच्या कामात त्यांचाही वाटा आहे, जरी त्यांचे नाव कोणत्याही बुकात नाही.

तिसरी गोष्ट सभेच्या वेळेविषयी. आवणीत, हिरड्याच्या दिवसांत व भर दुपारी सभा ठेवली तर ज्याच्या पोटावर काम आहे तो येणार नाही. वेळ बदलून मागा. वाडी फारच लांब असेल तर पेसाच्या नियमांप्रमाणे वाडीलाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते व तिची वेगळी ग्रामसभा होऊ शकते. वाडीने ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. वरच्या वाडीने याचा जरूर विचार करावा.

चौथी गोष्ट आपल्या मंडळासाठी. महिन्यातून एका शुक्रवारी भजनाच्या आधी अर्धा तास पंचायतीचे ठराव वाचावेत. किती पैसा आला, कोणत्या कामास गेला, काम झाले का, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. गोडीने विचारावेत, पण दर महिन्याला विचारावेत.

भगिनींनो, आजही पंचायतीसमोरच्या त्या ठोकळ्यांवरून जाताना मला माझी सही आठवते. वरच्या वाडीला गेले की ती सून एका हाताने कळशी कमरेवर घेते व मला हसून "या काकू" म्हणते. तिला मी काही देऊ शकत नाही. एवढेच म्हणून सांगते की आपल्यापैकी जी कोणी उद्या मेंबर होईल, तिने ही चूक पुन्हा करू नये. त्यासाठी फार शिकलेले असण्याची जरुरी नाही. सातवीपर्यंतचे वाचणे पुरते.